काळी, पांढरी आणि दप्तर : परभणी जिल्ह्यातील ग्रामजीवनाचा एक शब्दैतिहास

जुन्या मराठी कागदपत्रांत खेड्याचे दोन भाग मानलेले आढळतात : काळी व पांढरी. काळी म्हणजे कसण्याची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. गावाने कसावे काळीत आणि राहावे पांढरीत, असा हा सरळ हिशेब होता. वेस, चावडी, मारुतीचे देऊळ, माळवदाची घरे आणि गावात देशमुख असल्यास त्याची गढी, हे सारे पांढरीवरचे. गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या खोऱ्यांत पसरलेल्या परभणी जिल्ह्याला ही विभागणी विशेष शोभते, कारण येथील काळी खरोखरच काळी आहे. उत्तरेस जिंतूरकडील डोंगराळ भाग व दक्षिणेस गंगाखेडकडील बालाघाटाच्या रांगा वगळल्या, तर उरलेला मुलूख कापसाचा व रब्बी ज्वारीचा होय.

परंतु या दोन भागांखेरीज खेड्याला एक तिसरा भागही होता आणि तो डोळ्यांना दिसत नसे. तो म्हणजे पटवाऱ्याच्या रुमालात बांधलेले दप्तर. जमीन कोणाची, कसतो कोण, सारा किती, बाकी किती, या प्रश्नांची उत्तरे काळीत मिळत नसत, ती दप्तरात मिळत. दप्तर हा शब्दच मोठा प्रवास करून आलेला आहे. मूळ ग्रीक भाषेत कातड्याला लावलेला शब्द फारसीत वहीचा वाचक झाला आणि मराठीत तो सरकारी कागदांना व पुढे शाळकरी मुलाच्या पिशवीलाही लागू पडला. परभणीच्या खेड्यात गेल्या दीडशे वर्षांत जे पालटले, त्याचा मोठा भाग या तिसऱ्या गावात आधी पालटला. ते पालटणे शब्दांच्या आधारे पाहण्याचा येथे उद्देश आहे.

प्रथम काळीची भाषा घ्यावी. नांगर, वखर, तिफण, औत, मोट, खळे, पेव, कणगी, सुगी हे शब्द देशी वा संस्कृतोद्भव आहेत, आणि राज्ये आली-गेली तरी त्यांना धक्का लागला नाही. जमिनीच्या पोतांची नावेही तशीच : भारी, हलकी, मुरमाड, बरड, चोपण. याउलट खरीप, रब्बी, जिरायत, बागाईत, हंगाम हे शब्द अरबी-फारसी आहेत. एकाच शेताविषयीचे हे दोन शब्दसमूह निरनिराळ्या वाटांनी आलेले आहेत. हाताने करावयाच्या कामाचे शब्द शेतकऱ्याचे राहिले. ज्या शब्दांवर आकारणी अवलंबून होती, ते राज्यकर्त्यांचे झाले. खरीप म्हणजे अरबीत शरद ऋतू व रबी म्हणजे वसंत. शेतकऱ्याने मात्र पेरणी खरिपाची म्हटली तरी ती मृगाच्या पावसावर केली. काळीचे पंचांग नक्षत्रांचे होते, दप्तराचे पंचांग फसली सनाचे. निजामी राज्यात हा सन ऑक्टोबरच्या प्रारंभी आजूर महिन्यापासून मोजला जाई आणि त्यात ५९० मिळविले की इसवी सन निघे. सारा भरण्याची तारीख बहमन महिन्यातली आणि पाऊस हस्ताचा, अशा दोन काळांत एकच माणूस जगत होता.

दप्तराचे महत्त्व या मुलुखाला फार जुने आहे. पाथरीचे उदाहरण याबाबतीत ध्यानात घेण्यासारखे आहे. फिरिश्ता या इतिहासकाराच्या वृत्तांताप्रमाणे अहमदनगरच्या निजामशाही घराण्याचे पूर्वज पाथरीचे वंशपरंपरागत कुलकर्णी होते. पाथरी वऱ्हाडच्या इमादशाहीकडे होती. पूर्वजांचे गाव आपल्याकडे असावे म्हणून बुर्हाण निजामशहाने ते मागितले, आणि न मिळाल्यावर सोळाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात जिंकून घेतले. युद्धामागे इतरही कारणे असतील. परंतु सुलतानपदी बसलेल्या घराण्यालाही आपल्या कुलकर्णाची आठवण राहावी, ही गोष्ट वतन या संस्थेची पकड दाखविण्यास पुरेशी आहे. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गाव-गाडा’ या ग्रंथात वतनदारीचे जे विच्छेदन केले, ते मुख्यतः ब्रिटिश मुलुखातील खेड्यांचे होते. निजामी मुलुखात ती चौकट आणखी पुष्कळ काळ टिकली.

मराठी दप्तरातील फारसीचे प्रमाण कालानुसार कसे घटत गेले, हे वि. का. राजवाडे यांनी सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातील, शिवकालीन व पेशवेकालीन लेखांची तुलना करून दाखविले आहे. शिवाजी महाराजांच्या काळी सिद्ध झालेला ‘राज्यव्यवहारकोश’ हा त्या घटीचा जाणीवपूर्वक केलेला प्रयत्न होता. पुणे-सातारा प्रांतांस लागू पडणारा हा आलेख मराठवाड्यास मात्र जसाच्या तसा लागू पडत नाही. अठराव्या शतकापासून हा प्रदेश निजामाच्या राज्यात राहिला. पहिल्या सालारजंगाने १८६५ च्या सुमारास जिल्हाबंदी केली, तिच्यात जिल्ह्याचा कारभार तालुकदाराकडे आला. ब्रिटिश मुलुखात कलेक्टर म्हणत तो येथे तालुकदार, ही गोष्ट जुने कागद वाचताना विसरली की मोठा घोटाळा होतो. १८८० नंतरच्या दशकात कचेऱ्यांतील फारसीची जागा उर्दूने घेतली. गावपातळीवरील नोंदी बहुधा मोडीत वा मराठीत आणि तहसिलीपासून वरचा व्यवहार उर्दूत, अशी दोन मजली रचना त्यामुळे झाली. शेतकरी खालच्या मजल्यावरही निरक्षर होता, वरच्या मजल्यावर तर त्याला त्याचे नावही ओळखता येत नसे. दोन्ही मजल्यांना जोडणारा जिना म्हणजे पटवारी. त्याच्या जोडीला सारावसुलीचा माली पाटील व बंदोबस्ताचा पोलीस पाटील असे. (माली पाटलाचा माळी समाजाशी संबंध नाही. अरबी ‘माल’ म्हणजे महसूल यावरून तो शब्द आला.)

मात्र हा प्रवाह एकाच दिशेने वाहत होता, असे मानणे चूक ठरेल. निजामी महसूलव्यवस्थेने मराठीकडूनही शब्द घेतले, आणि ते थेट तेलंगणात पोहोचविले. पिकांची व कब्जाची दरसाल नोंद ज्यात होई ते पाहणीपत्रक. ‘पाहणे’ या मराठी धातूवरून बनलेला ‘पहाणी’ हा शब्द तेलुगू शेतकऱ्याच्याही तोंडी रुळला. ‘शेतवार’ या शब्दाचीही तीच कथा. त्याचा पूर्वार्ध मराठी व उत्तरार्ध फारसी, आणि ‘सेतवार’ या रूपात तो भूमापनाच्या मूळ नोंदीचे नाव झाला.

आता ज्या शब्दांवर माणसांचे जगणे टांगलेले होते, त्यांतील तीन शब्द थोडे विस्ताराने पाहू.

पहिला शब्द कौल. अरबी ‘कौल’ म्हणजे वचन. ओसाड पडलेली जमीन लागवडीस यावी म्हणून राज्याने रयतेला दिलेले अभयवचन म्हणजे कौलनामा. पहिली काही वर्षे सारा माफ किंवा अल्प, पुढे क्रमाने चढता, असे आश्वासन त्यात असे. युद्धाने वा दुष्काळाने उठून गेलेली गावे अशा कौलांवर पुन्हा बसली. देवालाही मनुष्य कौल लावतो, तेथेही अर्थ वचनाचाच आहे. परंतु विसाव्या शतकातील निजामी मुलुखात कौलदार म्हणजे दुसऱ्याची जमीन खंडाने वा बटईने करणारा माणूस. त्याच्याजवळ बहुधा कोणताही लेख नसे. व्यवहार तोंडी होई, आणि पुढच्या वर्षी औत त्याच शेतात चालेल की नाही हे पट्टेदाराच्या मर्जीवर असे. वचन ज्याचे नावच होते, त्याला वचन तेवढे मिळालेले नव्हते.

दुसरा शब्द शिकमी. फारसीत शिकम म्हणजे पोट. पट्टेदाराच्या पोटात असलेला हक्क तो शिकमी. १३१७ फसलीच्या, म्हणजे १९०७ सालच्या हैदराबाद जमीन महसूल कायद्याने पट्टेदार, शिकमीदार आणि आसामी शिकमी असे भेद मानले होते. शिकमीदाराचा जमिनीत स्वतःचा हक्क असे, आसामी शिकमी हा केवळ कुळासारखा. एका ‘आसामी’ या शब्दाने मनुष्य हक्काच्या उंबरठ्याबाहेर जाई. भाषाभ्यासकाला येथे आणखी एक गोष्ट दिसते. मराठीनेही हीच कल्पना आपल्या शब्दांत उतरविलेली आहे : पोटहिस्सा, पोटकूळ, पोटखराबा. यांपैकी कोणी कोणाचे भाषांतर केले, हे सांगणे सोपे नाही. पोट हे अंतर्भावाचे चिन्ह दोन्ही भाषांना स्वतंत्रपणेही सुचले असेल. पण एवढे खरे, की खेड्यातील माणसाला शिकमीचा अर्थ पटवाऱ्याने न सांगताही कळण्याजोगा होता, आणि तरीही तो त्याला सांगितला जात नव्हता.

तिसरा शब्द राजीनामा. त्याचा विचार कूळकायद्याच्या ओघात करणे सोयीचे होईल.

या काळातील असंतोषाला भाषेचेही अंग होते. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले आणि उच्च शिक्षण एका भारतीय भाषेतून देण्याचा तो मोठा प्रयोग म्हणून नावाजला गेला. तो तसा होताही. परंतु ती भारतीय भाषा उर्दू होती, आणि परभणीच्या खेड्यातून निघालेल्या मुलाला ती इंग्रजीइतकीच शिकून घ्यावी लागे. १९३७ साली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन परतूर येथे गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली भरले. परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यात होते, १९८१ साली जालना जिल्हा झाल्यावर ते तिकडे गेले. पुढे महायुद्धाच्या काळात धान्याची सक्तीची लेव्ही आली. खळ्यावरचे धान्य घरी येण्यापूर्वीच मोजून न्यावयाचे, असा त्या शब्दाचा अर्थ खेड्याने आपल्या अनुभवाने ठरविला.

सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर चक्रे वेगाने फिरली. ऑगस्ट १९४९ मध्ये जहागिरी नष्ट झाल्या. १९५० साली हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन कायदा झाला. त्या काळच्या भारतातील प्रगत कायद्यांत त्याची गणना होते. विहित काळात सलग सहा वर्षे जमीन कसणाऱ्यास ‘संरक्षित कूळ’ ही पदवी त्याने दिली, मनमानी बेदखलीस बंदी केली, आणि जमीन विकत घेण्याचा हक्क दिला. १९५४ च्या दुरुस्तीने ‘कुटुंबधारणा’ ही कल्पना आणली. किती एकर यापेक्षा किती उत्पन्न, यावर ती आधारलेली होती. लागवडखर्च वजा जाता वर्षास आठशे रुपये देणारे क्षेत्र म्हणजे एक कुटुंबधारणा, आणि कमाल मर्यादा तिच्या साडेचार पट. पूर्णाकाठचे भारी रान आणि जिंतूरकडचे मुरमाड माळरान यांना एकाच एकराने मोजू नये, हे शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असलेले सत्य या निमित्ताने विधेयकात आले.

कायदा उत्तम होता, पण त्याचा पुरावा दप्तरात होता. सहा वर्षे कसले हे सिद्ध कशाने करावयाचे? पाहणीपत्रकातील नोंदीने. ती नोंद कोण करी? पटवारी. आणि पटवाऱ्याचे उठणे-बसणे कोणाबरोबर? या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक गावात सारखेच नव्हते. प्रामाणिक पटवारीही होते, हे नमूद करणे न्यायाचे होईल. तथापि कुळाच्या बाजूने शेजाऱ्यांची तोंडी साक्ष आणि मालकाच्या बाजूने लेख, असा सामना बहुतेक ठिकाणी होता.

अर्थशास्त्रज्ञ अली मोहम्मद खुस्रो यांनी हैदराबाद राज्यातील जहागिरदारी-निर्मूलन व जमीनसुधारणा यांच्या परिणामांची पाहणी केली. ती १९५८ साली प्रसिद्ध झाली. तीत आढळलेले चित्र असे, की १९५१ मध्ये संरक्षित ठरलेल्या कुळांपैकी निम्म्याहून कमी कुळे तीन-चार वर्षांनी त्याच नात्याने जमिनीवर उरली होती. काहींनी जमीन विकत घेतली होती, हा त्यातील समाधानाचा भाग. कायद्याच्या मार्गाने निघालेली कुळे अगदी थोडी. बेकायदेशीरपणे काढलेली सुमारे पाचवा हिस्सा. आणि याशिवाय ज्यांनी जमीन ‘स्वखुशीने’ सोडली, अशांचे प्रमाण शेकडा सतराच्या आसपास. हे आकडे साऱ्या राज्याचे आहेत, एकट्या परभणीचे नव्हेत. परंतु कायदा एक, दप्तर एक आणि पटवारी त्याच घडणीचा, म्हणून परभणीच्या इतिहासातही ते डोळ्यांआड करता येत नाहीत.

येथे राजीनामा या शब्दाकडे वळावे लागते. आज मराठी माणूस राजीनामा म्हटला की नोकरीचा वा मंत्रिपदाचा समजतो. महसुली भाषेतील त्याचा अर्थ निराळा : जमीन धारण करणाऱ्याने तिच्यावरील हक्क सोडल्याचा लेख. त्याची जोड कबुलायतीशी. जुना धारक राजीनामा देई, नवा कबुलायत लिहून देई, आणि दप्तरात नाव पालटे. राजी म्हणजे संतुष्ट, संमत, आणि नामा म्हणजे लेख. शब्दाच्या घडणीतच संमती गृहीत आहे. कायद्याने खबरदारी घेतली होती, नाही असे नाही. कुळाने जमीन सोडणे लेखी असावे, आणि ते खरोखर राजीखुशीचे आहे याची तहसिलदाराने खात्री करावी, असे त्यात होते. पण ज्या कुळाला मालकाकडून बी उसने घ्यावयाचे, ज्याचा मुलगा त्याच मालकाकडे सालगडी, ज्याची उचल अजून फिटलेली नाही, त्याला तहसिलीत उभे करून ‘राजी आहेस का?’ असे विचारल्यावर तो दुसरे काय बोलणार? त्याने हो म्हटले. ते हो दप्तरात गेले, त्यामागचे कारण गेले नाही. खुस्रो यांनी ‘स्वेच्छेने’ सोडलेल्या व बेकायदेशीर काढलेल्या कुळांचे दोन स्वतंत्र रकाने केले, ही शास्त्रीय शिस्त झाली. खेड्यातल्या माणसाला त्या दोहोंतील भिंत फारशी जाड वाटली नसावी.

तरीही या कायद्याचा लाभ अनेकांना झाला, हे नाकारता येत नाही. पुढे कलम ३८-ई खाली संरक्षित कुळांकडे मालकी थेट हस्तांतरित करण्याची तरतूद अमलात आली, आणि १९५४-५५ च्या खासरा पाहणीत ज्यांचे नाव कब्जेदार म्हणून लागले, त्यांच्या घरांत तो उतारा पुढच्या पिढ्यांनी दागिन्यासारखा जपला. त्याच हैदराबाद राज्यात, पोचमपल्ली येथे, १९५१ च्या एप्रिलात विनोबांच्या भूदानाचा उगम झाला, हाही योगायोग मानता येत नाही. जमिनीचा प्रश्न तेथे सर्वांत तापलेला होता.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. दप्तराची भाषा मराठी झाली. १९६२ च्या कायद्याने महसुली पाटीलकीचे वतन गेले, पटवाऱ्याच्या जागी तलाठी आला, आणि १९६६ ची जमीन महसूल संहिता लागू झाल्यावर पहाणीचे कागद सातबाऱ्यात विलीन झाले. ही घटना मोठी होती. शेतकऱ्याचा मुलगा प्रथमच आपल्या जमिनीचा कागद आपल्या लिपीत वाचू शकत होता. मात्र वाचता येणे आणि कळणे यांत अंतर पडले. ‘भोगवटादार वर्ग २’, ‘अकृषिक’, ‘फेरफार’, ‘इतर अधिकार’ हे शब्द मराठी आहेत याबद्दल शंका नाही, परंतु ते काळीत जन्मलेले नाहीत. गाव बोलताना पट्टाच म्हणत राहिले. कौल, शिकमी हे शब्द मावळले, कूळ टिकले. परकी वाटणारा शब्द शंभर वर्षांच्या वापराने घरचा होतो आणि घरच्या धातूंवरून घडविलेला नवा शब्द परका राहतो, याची अशी उदाहरणे थोडी नाहीत.

यानंतरच्या विकासाने आणलेले शब्द मात्र कोणाच्या आज्ञेवाचून रुळले. पूर्णा प्रकल्पाची येलदरी व सिद्धेश्वर ही धरणे झाली, पुढे जायकवाडीचा डावा कालवा पाथरी-परभणीच्या भागात आला. त्या प्रकल्पाची कोनशिला १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते बसली होती. कालव्याबरोबर चारी, पाळी, पाणीपट्टी ही नवी शब्दसंपत्ती आली, आणि पाण्यावरून होणारी भांडणे बांधावरून चारीवर सरकली. १९६४ नंतर संकरित ज्वारी आली. तिला गावाने संकरित कधीच म्हटले नाही, हायब्रीड हेच तिचे नाव पडले, आणि ‘हायब्रीडची भाकर’ हा चवीविषयीचा निकालही त्याच शब्दात देण्यात आला. गावराणी कापूस हळूहळू मागे हटला. १९७२ चा दुष्काळ खडी, सुकडी व मिलो या तीन शब्दांत म्हाताऱ्यांच्या स्मरणात राहिला. त्याच वर्षी, १८ मे रोजी, परभणीस मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. या विद्यापीठाने वाणांना दिलेली ‘परभणी क्रांती’ ही भेंडी व ‘परभणी मोती’ ही ज्वारी अशी नावे मात्र विलक्षण आहेत. जिल्ह्याचे नाव दूरदूरच्या शेतांत त्यांनी नेले. रोजगार हमीच्या कामांनी हजेरीला मस्टर म्हणावयास शिकविले. त्या मस्टरावर पुरुषांच्या बरोबरीने स्त्रियांची नावे स्वतंत्रपणे लिहिली जाऊ लागली. निजामी पहाणीत अथवा सातबाऱ्यात त्यांची नावे क्वचितच, तीही बहुधा वैधव्यानंतर, आढळतात.

जुने दप्तर यानंतर केवळ इतिहासाचे साधन उरेल, असा अंदाज कोणी केला असता तर तो खोटा ठरला असता. सप्टेंबर २०२३ मध्ये मराठवाड्यातील कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि उर्दू व मोडी कागदांचे गठ्ठे पुन्हा उघडले. ज्या शब्दाचा शोध चालला होता, तो संस्कृत ‘कुटुंबिन्‌’पासून आला, असे व्युत्पत्तिकार मानतात. कुटुंब असलेला, घर धरून राहिलेला, तो कुणबी. जुन्या कागदांत हा शब्द कधी जात म्हणून येतो, कधी नुसता कसणारा या अर्थी येतो, आणि एकाच पानावर दोन्ही अर्थ संभवतात. लिहिणाऱ्या कारकुनाला तो भेद करण्याचे प्रयोजन नव्हते. त्याला सारा कोणाकडून घ्यावयाचा एवढेच जाणावयाचे होते. त्या नोंदीवर पुढे एखाद्या तरुणाचा प्रवेश वा नोकरी अवलंबून राहील, ही कल्पना त्याला असणे शक्य नव्हते.

अशा कागदांचे वाचन करणाऱ्यास मोडी व उर्दू या दोन्ही लिपींची आणि फसली सनाची जाण लागते, आणि तिच्याइतकीच महसुली अर्थांची. माधव जूलियन यांचा १९२५ सालचा फारसी-मराठी कोश शब्दाचा मूळ अर्थ देतो. राजीनाम्याखाली अंगठा कोणत्या परिस्थितीत उमटला, ते कळण्यासाठी त्याच सर्व्हे नंबरची पुढच्या चार वर्षांची पाहणीपत्रके शेजारी ठेवून पाहावी लागतात : जमीन सोडणाऱ्याचे नाव दुसऱ्या कोणत्या शेतात लागले, की कोठेच लागले नाही.